मलेरियाचं औषध वनस्पतीतूनच आलं, मग किरायताचा काढा का पुरत नाही?
मूळ वनस्पतीच वेगळी. मलेरियावरचं ते औषध, आर्टेमिसिनिन, मिळतं ते चीनमधल्या आर्टेमिसिया अॅन्युआतून. आपल्या किरायतात ते नाहीच. आणि त्या वनस्पतीचाही उकळून केलेला काढा भरवशाचा नाही, कारण हा घटक पाण्यात जेमतेम विरघळतो नि उष्णतेने मोडतो. चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांनी १९७१ मध्ये सुमारे ३५ अंशांवरच उकळणारा ईथर वापरला, तेव्हा कुठे अर्क लागू पडला. २०१५ चं नोबेल त्या शोधासाठीच.

गडचिरोलीकडे फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार होतो, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून हिव-ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडून बोटातलं रक्त तपासून घ्या. फॅल्सिपॅरम निघाला तर आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्यांचा ३ दिवसांचा कोर्स असतो. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की लोक गोळ्या सोडतात, अन् तिथंच घात होतो: उरलेले जंतू पुन्हा वाढतात.