पदवी मिळाल्यानंतरचा दिवस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पदवीधर स्त्रियांचं मंडळ काढायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. सोबतचा मंडळाच्या घटनेचा मसुदाही वाचला आणि बाजूला ठेवला. त्याच्याकडे शेवटी येते. आधी मला सांग, तुम्ही जमणार कशासाठी?

अशा मंडळांचा उगम शोधत गेलं की आपण अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या एका आईच्या काळजीपाशी पोचतो. एमिली टॅलबट यांची मुलगी मॅरियन १८८० साली बॉस्टन विद्यापीठाची पदवीधर झाली. शिकण्यासाठी मायलेकींनी जिवाचं रान केलं होतं, पण पदवी हातात आल्यावर पुढे काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. बालमैत्रिणींशी सूर जुळेना, शिकलेल्या मुली चारी दिशांना विखुरलेल्या. त्यांना एकत्र आणावं, ही कल्पना एमिलीबाईंची. एलेन स्वॉलो रिचर्ड्स मदतीला आल्या. एमआयटी या तिथल्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेतलेली पहिली स्त्री त्याच, रसायनशास्त्रज्ञ. नोव्हेंबर १८८१मध्ये आठ महाविद्यालयांतल्या सतरा जणी जमल्या आणि पुढच्या जानेवारीत ६५ जणींनी संघटना रीतसर उभी केली.

एकटेपणातून माणसं जमतात, पण नुसत्या गप्पांवर ती टिकत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. बॉस्टनच्या या बायका टिकल्या, कारण त्यांनी एक प्रश्न हातात घेतला. १८७३ साली डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी लिहिलं होतं की मुलांच्या बरोबरीनं अभ्यास केला तर मुलींची प्रकृती, विशेषतः गर्भाशय, कायमचं बिघडतं. डॉक्टरांचाच शब्द, त्यामुळे आईबाप घाबरले. या बायकांनी सभा घेऊन निषेध केला असता तर कुणाला त्याची आठवणही राहिली नसती. त्यांनी प्रश्नावली काढली आणि पदवीधर स्त्रियांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. ७०५ जणींची उत्तरं आली, सरकारी सांख्यिकी कार्यालयानं त्यांची तक्ते मांडून छाननी केली आणि १८८५ साली अहवाल निघाला. बहुतेकींची प्रकृती उत्तम किंवा चांगली होती. शिकलेल्या बायका आपल्या विद्येनं काय करू शकतात, याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

तुमच्या गावातला असा प्रश्न कोणता? मुली कोणत्या इयत्तेनंतर गळतात, त्या कुठे जातात, हे कुणी मोजलंय का? पहिल्या बैठकीत एवढं एकच ठरवा.

आता मसुदा. चौथ्या कलमात ‘कार्यकारिणीच्या पसंतीनुसार सभासदत्व’ असं लिहिलं आहेस. मेरी चर्च टेरेल यांचं नाव कदाचित तू ऐकलं नसशील. १८८४ सालच्या पदवीधर, आयुष्यभर शिक्षणासाठी आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटलेल्या. १९४६ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या याच संघटनेच्या वॉशिंग्टन शाखेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला आणि त्या कृष्णवर्णीय म्हणून शाखेनं तो नाकारला. स्वतः दारं ठोठावून आत आलेल्या बायकांनीच दार लावून घेतलं! हे वाचताना मला आजही लाज वाटते. वाद तीन वर्षं चालला. अखेर १९४९ साली देशभरच्या सभासदांनी नियम बदलला, की मान्यताप्राप्त पदवी असेल तर शाखांना दुसरी अट घालता येणार नाही.

त्या ‘पसंती’खाली मी लाल रेघ ओढली आहे. पदवी पुरे, असं लिही. आणि पत्राद्वारे शिक्षण घेऊन, रात्रशाळेतून, मुलं सांभाळत शिकलेल्यांना निमंत्रण आधी धाड, कारण बोलावल्याशिवाय त्या येणार नाहीत.

इतिवृत्त पहिल्या दिवसापासून लिहा. हजर असलेल्या प्रत्येकीचं स्वतःचं नाव त्यात असू दे, ‘सौ. अमुक’ नको. पहिलं पान लिहून झालं की त्याची एक प्रत मला पाठव.

तुझी,
बाई