नवशिक्यांनी स्क्रॅपबुकसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही विचारलंय की वेरूळची सहल आणि घरच्या लग्नाचे फोटो डिजिटल स्क्रॅपबुकमध्ये लावायला सोपं आणि फुकट काय आहे. माझं उत्तर: फोटोपी (Photopea), फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर.

ते ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतात. जाहिराती दिसतात, तेवढं चालवून घ्या. मुख्य म्हणजे त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, आहेत, आणि स्क्रॅपबुकचा सगळा जीव लेयरमध्येच असतो. खाली कागद, त्यावर फोटो, त्यावर फुलं-पट्ट्या, सगळ्यात वर अक्षरं. प्रत्येक थर वेगळा हलवता येतो. फोटोच्या लेयरला हलकी सावली दिली की तो खरंच चिकटवल्यासारखा दिसतो.

कॅनव्हा आणखी सोपं आहे, पण तिथे तयार साच्यांचीच सवय लागते. जिंप फुकट आणि दमदार आहे, फक्त शिकायला वेळ द्यावा लागतो. पैसे खर्च करायची घाई नको.

छापायचं असेल तर पान सुरुवातीलाच ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, बनवा. १२ बाय १२ इंचांसाठी ३६०० बाय ३६०० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे आलेले फोटो दबलेले (कॉम्प्रेस झालेले) असतात, म्हणून नातेवाइकांना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. काम पीएसडीमध्ये, म्हणजे थर वेगळे ठेवणाऱ्या फाइलमध्ये, सेव्ह करा, नाहीतर थर एकत्र होतात आणि नंतर बदल करता येत नाही.

आणि बॅकग्राउंड विकत कशाला? आईच्या पैठणीचा काठ किंवा घरातली हिमरू शाल खिडकीजवळच्या उजेडात सरळ वरून टिपा. आपल्या मराठवाड्याच्या फोटोंना तोच कागद शोभतो.