वडिलांवर लिहायला बसण्याआधी

'कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' हे शब्द आधी खोडा. ते कुणाच्याही वडिलांना चालतात. त्याऐवजी त्यांचा एक दिवस लिहा: रात्रीची वीज आली की मोटर चालू करायला कोण उठायचं, पिकाला पाणी द्यायला दारं धरताना पाय चिखलात कुठवर रुतायचे, घरी आल्यावर पहिला शब्द काय असायचा.

तारखांसाठी नुसत्या आठवणींवर विसंबू नका. जमिनीचे जुने सातबारे आणि फेरफार (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा. वाटणी कधी झाली, विहिरीची नोंद कधी लागली, कर्जाचा बोजा कधी चढला नि उतरला, बरंच तिथं सापडतं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख मात्र जपून घ्या; बऱ्याचदा ती गुरुजींनीच अंदाजे घातलेली असते.

१९७२च्या दुष्काळाबद्दल त्यांच्या वयाच्या माणसांना गाठा. 'कसं होतं?' विचारलंत तर 'लई वाईट' एवढंच मिळेल. दुष्काळी कामावर खडी कुठं फोडली, तिथं खायला मिळणारी सुकडी कोण आणायचं, बैल विकले का, असं विचारा. मग माणसं बोलतात.

आणि त्यांचा राग, भावाशी धरलेला अबोला? आईच्या कानावर घालून लिहा, पण थोडं तरी येऊ द्या. फोटो शेतातला लावा, लग्नातला फेटेवाला नको.