वाचकांचे प्रश्न : जुन्या एमजीबीची ओळख कशी पटवावी?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. नुकतीच मी १९६५ सालची, उघड्या टपाची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी विकत घेतली. गाडी आज लाल आहे, पण डॅशबोर्डच्या मागे आणि गालिच्याखाली फिकट निळा रंग दिसतो. इंजिनाचा क्रमांक ‘१८व्ही’ने सुरू होतो. नंबरप्लेटवरील तीन अक्षरांपैकी शेवटची दोन ‘केव्ही’ आहेत. दारांखालच्या सिलना गंज लागला आहे. गाडी मूळची निळी होती का, इंजिन तिचेच आहे का, आणि कामाला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात कागदांपासून आणि क्रमांकांपासून करावी, गंजाचे काम त्यानंतर, आणि रंगकाम सर्वांत शेवटी. बॉनेटखालच्या पट्टीवरील चॅसिस क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि निळा रंग जेथे जेथे उरला आहे त्या सर्व जागा, एकही भाग सुटा करण्यापूर्वी छायाचित्रांत टिपून ठेवाव्यात, कारण गॅरेजमध्ये पत्रा घासला गेला की हा पुरावा कायमचा जातो.

इंजिन मूळचे नाही, हे निश्चित सांगता येते. १९६५च्या एमजीबीत ‘१८जीबी’ने सुरू होणारे, पाच बेअरिंगांचे १७९८ सीसीचे इंजिन असे, ‘१८व्ही’ ही मालिका १९७१पासूनची. याचा अर्थ गाडीत काही काळेबेरे आहे असा मुळीच नाही. झिजलेले इंजिन देऊन दुरुस्त केलेले घेणे ही त्या काळची सर्रास पद्धत होती, आणि एमजीची मालक असलेली बीएमसी कंपनी स्वतः ‘गोल्ड सील’ नावाने अशी इंजिने पुरवत असे. केवळ जुळवाजुळवीसाठी दुसऱ्या गाडीतले १८जीबी इंजिन आणून बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केल्याने आपल्या गाडीचा खरा इतिहास पुसला जातो आणि मूळ इंजिन काही परत येत नाही.

रंगाबाबत शक्यता चांगली आहे, कारण त्या वर्षांत एमजीबीला ‘आयरिस ब्लू’ ही फिकट निळी छटा मिळत असे. खात्रीसाठी वॉरविकशायरमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या अभिलेखागाराकडे हेरिटेज सर्टिफिकेटसाठी अर्ज करावा. ॲबिंग्डनच्या कारखान्यातील उत्पादन-नोंदींच्या आधारे हे प्रमाणपत्र दिले जाते आणि त्यात गाडी केव्हा तयार झाली, तिचा रंग व आतील सजावट कोणती होती, मूळ इंजिनाचा क्रमांक काय होता आणि ती कोठे रवाना झाली, ही माहिती मिळते. मात्र कारखान्याबाहेर पडल्यानंतरचे गाडीचे आयुष्य त्यात नसते.

त्या आयुष्याचा पहिला धागा ‘केव्ही’ ही अक्षरे देतात. वेल्समधील स्वान्सी येथे वाहन-नोंदणीचे केंद्रीकरण होण्यापूर्वी हे काम स्थानिक परिषदा करीत, आणि ‘केव्ही’ ही कॉव्हेंट्रीची अक्षरे आहेत. त्या काळच्या नोंदवह्या काही ठिकाणी अभिलेखागारांत टिकल्या, काही ठिकाणी नष्ट झाल्या. कॉव्हेंट्रीत चौकशी करणे नक्कीच योग्य ठरेल. डीव्हीएलए या ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याकडे ‘व्ही८८८’ हा अर्ज करून माहिती मागता येते, पण त्यासाठी योग्य कारण द्यावे लागते. २००५पासूनच्या एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यासाठी योग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक तपासण्या संगणकावर पाहता येतात; त्याआधीची प्रमाणपत्रे आणि गॅरेजची बिले विक्रेत्याकडे आग्रहाने मागावीत.

हे सर्व धागे परस्परांशी जुळतात का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. बहुसंख्य एमजीबी उत्तर अमेरिकेत गेल्या आणि त्यांतील अनेक पुढे ब्रिटनमध्ये परत आणून उजव्या स्टिअरिंगच्या केल्या गेल्या. चॅसिस क्रमांकात ‘जीएचएन३’पाठोपाठ ‘एल’ असेल, तर गाडी डाव्या स्टिअरिंगची बनली होती. मग तिच्यावर १९६५चा कॉव्हेंट्रीचा क्रमांक कसा, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे खर्च करू नयेत. क्रमांकाची पट्टी केवळ रिव्हेटने बसवलेली असते, म्हणून रिव्हेट नवे दिसतात का, तेही पाहावे.

आता गंज. एमजीबीला वेगळी चॅसिस, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. उघड्या टपाच्या गाडीचा बहुतांश भार सिल पेलतात, आणि ते आतून-बाहेरून पत्र्याच्या तीन थरांचे असतात. जुन्या गंजावर नुसता बाहेरचा पत्रा चढवून देणारे कारागीर टाळावेत. योग्य कामात पुढच्या आणि मागच्या पंखांचे (मडगार्डांचे) खालचे भाग कापावे लागतात, कारण सिल त्यांच्या मागे जातो. आणि कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीला आडवा आधार वेल्ड करावा लागतो, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. पत्रा फारच गेला असेल, तर विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनी मूळ साच्यांवर घडवलेली संपूर्ण बॉडी पुरवते, पण तो मार्ग शेवटचा समजावा.

प्रश्न : अशा गाडीत कोणते पेट्रोल भरावे?

उत्तर : ब्रिटनमध्ये साधे पेट्रोल २०२१पासून ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, आहे, त्यातील इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, म्हणून कमी इथेनॉलचे, ई५ प्रतीचे सुपर पेट्रोल भरावे आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक बैठका बसवलेल्या नसतील, तर पूर्वी पेट्रोलमध्ये असणाऱ्या शिशाला पर्याय म्हणून मिळणारे द्रव्य पेट्रोलमध्ये मिसळावे.