ॲपवर हिरवा दिवा, तरी बाई म्हणतात गंधार चढा

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दोन वर्षं गाणं शिकतेय. घरी ती मोबाईलवरचं ट्यूनर ॲप लावून रियाज करते, गंधार म्हणजे 'ग' लावला की हिरवा दिवा लागतो, आणि क्लासमध्ये बाई म्हणतात भूप रागातला गंधार चढा, म्हणजे जरा वर, लागतोय. पोरगी अगदी रडकुंडीला येते. कोणाचं ऐकायचं? आणि बाई म्हणतात गाण्यात 'काकू' असते, ती काय असते?
– एक आई, सोलापूर

उत्तर: ताई, बाईंचं ऐका. ॲप खोटं बोलत नाहीये, पण त्याचा हिशोब पेटीचा आहे, म्हणजे सप्तकाचे 12 एकसारखे भाग केलेत आणि स्वर त्या खुणेवर आला की दिवा हिरवा. तानपुऱ्यावर गाताना गंधाराचं नातं थेट षड्जाशी, म्हणजे 'सा'शी असतं, 5 ला 4 असं. सोयीसाठी षड्ज 240 हर्ट्झचा धरा, तर तानपुऱ्याशी जुळणारा गंधार 300 वर येतो आणि ॲपचा 302.4 च्या आसपास. एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटेल, पण तानपुरा नीट लागलेला असेल, जवारी (तारांचा झंकार) मोकळी असेल तर खरजाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या तारेतून वर एक बारीक गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तुमच्या लेकीचा गंधार नेमका त्याच्याशी घासतोय.

घरी एवढं करून बघा. ॲप बंद, तानपुरा चालू, आणि तिला आकारात ('आ' म्हणत) गंधार लांब धरायला सांगा, मग केसभर खाली, अजून केसभर खाली. आधी सूर थरथरल्यासारखा वाटेल, ती थरथर हळूहळू मंदावत जाईल आणि एका जागी एकदम थांबेल, आवाज तानपुऱ्यात मिसळून जाईल. ती जागा तिच्या कानाने तिला सापडू दे, कारण दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे झुलता, कोमल गंधार वगैरे पुढे येईल तेव्हा तो एका जागी उभाच राहत नाही, तिथे दिवा काय दाखवणार? आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी होती, त्यामागे बरीच कारणं होती पण पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही आणि स्वर जागचे हलत नाहीत ही तक्रार त्यात होतीच. मला स्वतःला पेटी आवडते, साथीला हवीच, पण नव्या गळ्याने सूर शोधायचा तो तानपुऱ्यावरच.

आता काकू. शब्द तोच असला तरी आपली काकू नव्हे, हा संस्कृत शब्द आहे, आवाजाच्या चढउताराने अर्थ बदलतो ते. भरताच्या नाट्यशास्त्रात नटांसाठी दोन प्रकार दिलेत, साकांक्ष म्हणजे अजून काही यायचंय असं वाटायला लावणारा, आणि निराकांक्ष म्हणजे बोलणं पुरं झालं. आपलं 'बरं' घ्या ना. खाली उतरवून 'बरं.' म्हटलं की विषय मिटला, शेवट वर नेला 'बरं?' की समोरचा पुढे बोलायला लागतो, आणि लांबवून 'बरंऽऽ' म्हटलं की पोरांना कळतं आईला सगळं समजलंय. व्हॉट्सॲपवर हेच 'बरं' नुसतं टाईप केलं की माणसं रागावलीस का विचारतात, कारण तिथे अक्षरं तेवढी पोचतात.

गाण्यातल्या काकूचे सहा प्रकार शारंगदेवांनी संगीतरत्नाकरात सांगितलेत, 13 व्या शतकात, आपल्या देवगिरीच्या यादव दरबारात बसून. त्यातली क्षेत्रकाकू म्हणजे ज्याच्या त्याच्या गळ्याचा स्वतःचा रंग, तो शिकवून येत नाही. देशकाकूत रागाला प्रांताचा रंग चढतो, जसा बोलण्यात मालवणी माणसाचा हेल दोन वाक्यांत ओळखू येतो तसा. रागकाकू म्हणजे रागाचा स्वतःचा रंग, त्यासाठी मात्र लेकीला भूप आणि देशकार एकापाठोपाठ ऐकवा, आरोह-अवरोहात स्वर तेच पाच, पण भूपात गंधारावर मुक्काम आणि देशकारात धैवतावर ('ध') जोर, आणि दोन्ही वेळा गंधार कसा लागतो तेवढंच तिला विचारा.