प्लग काळा पडतोय? स्क्रूला हात लावू नकोस

अरे, वर्सोव्याच्या खाडीतून निघताना काळा धूर, पेट्रोलचा वास आणि काजळी धरलेला स्पार्क प्लग म्हणजे होडीचं पेट्रोल इंजिन रिच चाललंय, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. धूर निळसर असेल तर मात्र पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलंय, तो वेगळा आजार.

आधी चोक बघ, म्हणजे कार्बोरेटरची हवा अडवणारी पट्टी. खाऱ्या हवेने त्याची तार गंजते आणि पट्टी अर्धवट बंदच राहते. नव्या पोरांचं निम्मं काम इथेच संपतं.

तो ठीक असेल तर इंजिन बंद ठेवून प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा) घट्ट होईपर्यंत दाब. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकलं, तर फ्लोटची, म्हणजे आतल्या तरंगत्या तुकड्याची, पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नाहीये. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी उभी राहते, बाउलमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल आटून चिकट थर धरतं आणि सुई अडकते. बाउल उघड, सुईचं टोक झिजलंय का पाहा, फ्लोट कानाशी हलव. आत खळखळ झाली तर तो फुटलाय, बदल. एअर जेट (हवेचं बारीक भोक) कार्ब क्लीनरने धू, तार घालू नकोस. मी एकदा तारेने मेन जेटच, म्हणजे पेट्रोलचं भोक, मोठं केलं होतं, मग वर्षभर पेट्रोल पाजत बसलो!

हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू अगदी शेवटी, तोही आधीचे फेरे मोजून.