मीठ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, मग सोडियम आयोडाइड कसं विरघळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मीठ पाण्यात सहज विरघळतं, अल्कोहोलमध्ये जेमतेम, अ‍ॅसिटोनमध्ये जवळपास नाहीच. सोडियम आयोडाइड मात्र त्याच अ‍ॅसिटोनमध्ये भराभर विरघळतं. सरांनी "डायइलेक्ट्रिक स्थिरांक" (म्हणजे द्रावक धन आणि ऋण भारांमधली ओढ किती पटीने कमी करतो तो आकडा) असं उत्तर दिलं आणि तुम्हाला ते पटलं नाही.

पटलं नाही ते बरंच झालं. ते उत्तर परीक्षेत गुण मिळवून देतं, पण आयोडाइडचं कोडं त्याने सुटत नाही. अ‍ॅसिटोन तेच, सोडियम तेच, स्थिरांकही तोच, २०.७. बदललाय तो फक्त ऋण आयन. आणि फरक केवढा? २५ अंश सेल्सिअसला १ किलो अ‍ॅसिटोनमध्ये मीठ अर्धा मिलिग्रॅमही विरघळत नाही, सोडियम आयोडाइड पाव किलोहून जास्त जातं.

स्थिरांकवाल्यांना अडचणीत आणणारी आणखी एक जोडी सांगतो. मिथेनॉलचा स्थिरांक ३२.७, अ‍ॅसिटोनायट्राइलचा ३६, म्हणजे उलट थोडा जास्तच. पण १ किलो मिथेनॉलमध्ये १४ ग्रॅम मीठ विरघळतं, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये सुमारे ३ मिलिग्रॅम. एन-मेथिलफॉर्मामाइडचा स्थिरांक तर १८२ च्या आसपास, पाण्याच्या (७८.४) दुपटीहून जास्त, तरी मिठाच्या बाबतीत ते पाण्याच्या जवळपासही पोचत नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नने १९२० साली आयनाच्या विद्रावण-ऊर्जेचं जे समीकरण मांडलं त्यात द्रावक म्हणजे सलग, एकजिनसी माध्यम धरलं होतं. पहिल्या अंदाजाला ते चालतं. पण आयनाला खेटून बसणारा रेणू कोण आहे आणि आयनाकडे तो कोणतं टोक करून बसतो, हे त्या समीकरणाला दिसत नाही.

मी द्रावणांच्या उष्णतामापनाचं काम करतो, त्यामुळे मला यातला मिथेनॉलचा भाग सगळ्यात आवडतो. पाण्यात मिठाचा हिशेब असा: एक मोल स्फटिक मोडून आयन पूर्ण सुटे करायला सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात, आणि पाण्याचे रेणू त्या आयनांना घेरतात तेव्हा जवळजवळ तेवढेच परत मिळतात. तूट उरते ३.९ किलोज्यूलची, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित थंड होतं. एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विखुरलेपणाचं माप, मात्र मोलमागे ४३ ज्यूल प्रति केल्विन वाढते, ती ही तूट भरून काढते, आणि मुक्त ऊर्जा (उष्णता आणि एन्ट्रॉपी यांचा एकत्रित हिशेब; ती उतरली की क्षार सहज विरघळतो) सुमारे ९ किलोज्यूलने उतरते.

आता मिथेनॉल. इथे मीठ विरघळताना उष्णता बाहेर पडते, मोलमागे सुमारे ८ किलोज्यूल! नुसत्या उष्णतेकडे पाहिलं तर मीठ पाण्यापेक्षा मिथेनॉलमध्येच जास्त विरघळायला हवं. तरी विरघळतं पंचविसाव्या हिश्श्याइतकं. कारण एन्ट्रॉपी इथे वाढत नाही, जवळपास ७० ज्यूल प्रति केल्विनने घटते. पाण्यात हायड्रोजन बंधांचं दाट जाळं आधीपासूनच असतं. आयन काही रेणूंना बांधून घेतो, पण आजूबाजूचं जाळं विस्कटून दुसऱ्या काहींना मोकळंही करतो. मिथेनॉलची बांधणी मुळातच सैल. तिथे आयन रेणूंना बांधतो ते बांधतोच, मोकळं करायला फारसं काही नसतं. परिणामी मुक्त ऊर्जा १२ किलोज्यूलच्या आसपास चढते. आणि विरघळताना उष्णता बाहेर पडते म्हणून तापवल्यावर मिथेनॉलमधली मिठाची विद्राव्यता वाढायच्या ऐवजी थोडी घटते. "गरम केलं की जास्त विरघळतं" हा नियम प्रत्येक द्रावकाला लागू नाही.

या १२ किलोज्यूलवरून विद्राव्यता काढून पाहा. २५ अंशांना समतोल स्थिरांकाच्या प्रत्येक दहापटीमागे ५.७ किलोज्यूल जातात. उत्तर येतं किलोमागे सुमारे ०.०८ मोल. प्रत्यक्षात १४ ग्रॅम म्हणजे ०.२४ मोल विरघळतं. ही तिप्पट कुठून आली? कमी स्थिरांकाच्या द्रावकात विरघळलेले आयन एकमेकांना जास्त ओढतात, त्यांची सक्रियता, म्हणजे परिणामकारक प्रमाण, प्रत्यक्ष प्रमाणापेक्षा बरीच कमी पडते, आणि म्हणून आणखी मीठ आत जातं. या ओढीचा परिणाम मोजणारा डिबाय-ह्यूकेलचा गुणांक पाण्यात ०.५१, मिथेनॉलमध्ये १.९. म्हणजे स्थिरांक बिनकामाचा नाहीच, पण त्याचं खरं काम आयन विरघळल्यानंतर सुरू होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दोन द्रावकांची तुलना करताना एक सोय असते: स्फटिक तोच असतो, म्हणून तो मोडायचा खर्च दोन्हीकडे सारखा. तो हिशेबातून वगळा आणि फक्त एवढंच विचारा की आयन पाण्यातून उचलून दुसऱ्या द्रावकात ठेवला तर मुक्त ऊर्जा किती बदलते. एकट्या आयनासाठी हे थेट मोजता येत नाही, धन आणि ऋण नेहमी जोडीनेच येतात. म्हणून एक तडजोड रूढ आहे: टेट्राफेनिलआर्सोनियम आणि टेट्राफेनिलबोरेट हे दोन मोठे, जवळपास सारख्या आकाराचे आयन घ्यायचे आणि त्यांच्या क्षाराची ऊर्जा दोघांत निम्मी-निम्मी वाटायची. त्यावरून बाकी सगळ्यांचे आकडे निघतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या यिझाक मार्कस यांनी हे आकडे पारखून संकलित केले. आजही बहुतेक जण तेच वापरतात.

त्या आकड्यांत क्लोराइड पाण्यातून मिथेनॉलमध्ये नेला तर १३ किलोज्यूल चढतात, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ४२, अ‍ॅसिटोनमध्ये ५७ च्या घरात. आयोडाइडला अ‍ॅसिटोनमध्ये जायला साधारण २५ च पुरतात. क्लोराइड लहान आयन, त्याचा ऋणभार एकवटलेला. त्याला हायड्रोजन बंध देणारा रेणू लागतो. पाणी तो देतं, मिथेनॉलही देतं. अ‍ॅसिटोनकडे देण्याजोगा हायड्रोजन नाही, त्याच्या धन टोकाभोवती मेथिल गटांची गर्दी. आयोडाइड मोठा, भार पसरलेला. पाण्याशी त्याचं नातं मुळातच सैल होतं, त्यामुळे पाणी सुटल्याचा फटका कमी बसतो. त्यात सोडियम आयोडाइडचं जालक, म्हणजे स्फटिकातली आयनांची बांधणी, तीही मिठापेक्षा सैल, म्हणून पाण्यातसुद्धा ते आधीच १८ किलोज्यूलने पुढे असतं. दोन्ही मिळून ५० किलोज्यूलचं अंतर पडतं, आणि तुमचं कोडं तिथे सुटतं. हान्स फिंकेलस्टाइनची १९१० ची अभिक्रिया अशाच अंतरावर चालते: अ‍ॅसिटोनमधल्या सोडियम आयोडाइडमध्ये अल्काइल ब्रोमाइड टाकलं की सोडियम ब्रोमाइडचा पांढरा साका बसतो.

धन आयनाची तऱ्हा वेगळी. त्याला इलेक्ट्रॉन देणारा द्रावक हवा. व्हिएन्नाच्या व्हिक्टर गुटमान यांनी यासाठी दाता अंक काढला, जितका मोठा तितका द्रावक इलेक्ट्रॉन द्यायला तयार: अ‍ॅसिटोनायट्राइल १४.१, अ‍ॅसिटोन १७, पाणी १८, डायमेथिल सल्फॉक्साइड २९.८. या शेवटच्या द्रावकात सोडियम पाण्यापेक्षाही सुखी असतो, १३ किलोज्यूल खालीच उतरतो. पण क्लोराइड तिथे ४० वर चढतो, म्हणून मीठ तरीही फारसं विरघळत नाही. ही ओढाताण सगळ्यात मजेशीर दिसते ती द्रव अमोनियात. सिल्व्हर क्लोराइड तिथे विरघळतं आणि बेरियम क्लोराइड विरघळत नाही. पाण्यात बेरियम क्लोराइड आणि सिल्व्हर नायट्रेट मिसळल्यावर सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो. द्रव अमोनियात सिल्व्हर क्लोराइड आणि बेरियम नायट्रेट मिसळल्यावर बेरियम क्लोराइडचा. गुणात्मक विश्लेषणाचे तक्ते पाठ केलेल्यांना हे एकदा तरी दाखवायला हवं.

तुमच्या खिशातल्या फोनच्या बॅटरीतही हाच हिशेब आहे. तिच्यात पाणी चालत नाही, कारण ४ व्होल्टच्या आसपास पाणी टिकणारच नाही. लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट साधारण लिटरमागे १ मोल, इथिलीन कार्बोनेट आणि डायमेथिल कार्बोनेटसारख्या द्रावकांच्या मिश्रणात. पहिल्याचा स्थिरांक ९० च्या आसपास, पण ते ३६ अंशांखाली गोठतं. दुसरं पातळ, पण स्थिरांक जेमतेम ३. लिथियमला या द्रावकांतल्या कार्बोनिल गटाचा (C=O) ऑक्सिजन पुरतो. ऋण आयन मुद्दाम मोठा, भार पसरलेला निवडलाय, म्हणजे त्याला हायड्रोजन बंधाची गरजच पडत नाही. याच द्रावकात लिथियम फ्लुओराइड टाकलं तर जवळपास सगळं तळाशी राहतं, आणि तेही उपयोगीच ठरतं: ऋणाग्रावर जो संरक्षक थर जमतो त्यात ते असतं आणि धुऊन जात नाही.

तुम्ही हे स्वतः करून पाहणार असाल तर पावसाळा सोडून करा. जुलैत मुंबई-कोकणच्या हवेत बाटली थोडा वेळ उघडी राहिली तरी कोरडं मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोन ओल धरतं, आणि पाण्याचे ते थोडे रेणू नेमके आयनांनाच जाऊन चिकटतात. विद्राव्यता जितकी कमी, तितका आकडा जास्त बिघडतो. जुन्या तक्त्यांमध्ये एकाच क्षाराचे वेगवेगळे आकडे दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच. ३ अँगस्ट्रॉमच्या आण्विक चाळणीवर (पाणी शोषून घेणारे सच्छिद्र दाणे) द्रावक आदल्या दिवशी ठेवा, क्षार ओव्हनमध्ये वाळवा, आणि सोय असेल तर कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजून तो आकडा विद्राव्यतेच्या शेजारीच वहीत लिहा. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, तेव्हा बर्नर दुसऱ्या टेबलावर.